दार अरुंद, अंगण मोकळं: भूसुरुंगबंदी मोहिमेत निर्णय कसे होत गेले

१० ऑक्टोबर १९९७ रोजी शांततेचं नोबेल जाहीर झालं. अर्धा पुरस्कार जोडी विल्यम्स या अमेरिकी कार्यकर्तीला मिळाला आणि अर्धा ‘इंटरनॅशनल कॅम्पेन टू बॅन लँडमाइन्स’ या मोहिमेला. रक्कम होती ७५ लाख स्वीडिश क्रोनर. विल्यम्स यांचा वाटा द्यायला अडचण नव्हती. मोहिमेचा वाटा मात्र अडला. साठेक देशांतल्या हजारावर संस्था त्या मोहिमेत होत्या, पण ती कुठल्याच कायद्याखाली नोंदलेली नव्हती. तिला मुख्य कार्यालय नव्हतं, एकत्रित अंदाजपत्रक नव्हतं, स्वतःच्या नावाचं बँक खातं नव्हतं. ही रचना कुणाच्या आळसामुळे तशी राहिलेली नव्हती. ती ठरवून सैल ठेवलेली होती.

संस्थांच्या जाळ्यात काम करणाऱ्यांनी हे प्रकरण बारकाईने पाहावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे अशी जाळी नवी नाहीत. जन आरोग्य अभियान आहे, अन्न अधिकार अभियान आहे, महिला किसान अधिकार मंच आहे, आणि जिल्ह्या-जिल्ह्यात छोटे मंच तर कितीतरी. अशा कुठल्याही समन्वय समितीत बसलेल्या माणसाला तीन प्रश्न चुकत नाहीत: निवेदनावर कुणाची नावं, मंत्र्यांना भेटायला कोण जाणार, आणि निधी कुणाच्या खात्यात येणार. भूसुरुंगबंदी मोहिमेने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं फार चांगली शोधली. तिसऱ्यावर ती ठेचकाळली.

सहा संस्था आणि एक निवेदन

१९९१ च्या अखेरीस व्हिएतनाम युद्धातून कायमचं अपंगत्व घेऊन आलेले बॉबी म्युलर आणि जर्मनीच्या मेडिको इंटरनॅशनलचे थॉमस गेबाउअर यांचं भूसुरुंगांविरुद्ध एकत्र मोहीम काढण्यावर एकमत झालं. म्युलर यांच्या ‘व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका फाउंडेशन’ने त्या कामासाठी विल्यम्स यांना नेमलं. ऑक्टोबर १९९२ मध्ये न्यूयॉर्कला ह्यूमन राइट्स वॉचच्या कार्यालयात सहा संस्था बसल्या. या दोन, यजमान ह्यूमन राइट्स वॉच, फ्रान्सची हँडिकॅप इंटरनॅशनल, ब्रिटनची माइन्स ॲडव्हायझरी ग्रुप आणि अमेरिकेची फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स.

या सहाजणींचा स्वभाव एक नव्हता. हँडिकॅप इंटरनॅशनल पाय गमावलेल्यांना कृत्रिम पाय बसवत होती. ब्रिटिश संस्थेची माणसं गुडघ्यावर बसून जमिनीतून सुरुंग काढत होती. ह्यूमन राइट्स वॉचचं बळ संशोधनात आणि कायद्यात. अमेरिकी माजी सैनिकांना लष्कराची भाषा येत होती, आणि मेडिकोच्या कार्यकर्त्यांना त्या भाषेत फारसा रस नव्हता. यांनी एकत्र येऊन जे संयुक्त निवेदन काढलं त्यात मागण्या मोजक्या होत्या: माणसाच्या पायाखाली फुटणाऱ्या सुरुंगांचा वापर, उत्पादन, साठवण आणि विक्री-निर्यात यांवर संपूर्ण बंदी, सुरुंग काढण्यासाठी आणि बळी पडलेल्यांच्या पुनर्वसनासाठी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निधी, आणि ज्या देशांनी हे सुरुंग बनवले नि पसरवले त्यांनी त्या निधीत भर घालायची.

मोहिमेत यायचं तर या निवेदनाला पाठिंबा द्यायचा. वर्गणी नाही, घटना नाही. निवेदन मान्य नसेल, त्यातला एखादा शब्द थोडा मवाळ करून हवा असेल, तर आत जागा नाही. एकदा आत आलं की मात्र कुणी कुणाला हुकूम करायचा नाही. आपल्या देशात काय बोलायचं, कुणाशी बोलायचं, पैसा कुठून उभा करायचा, हे ज्याचं त्याने पाहायचं. दार अरुंद आणि अंगण मोकळं, अशी ती व्यवस्था होती.

मे १९९३ मध्ये लंडनला पहिली परिषद भरली आणि तिथे सहा संस्थापक संस्थांची सुकाणू समिती रीतसर ठरली. समन्वयाचं काम व्हिएतनाम व्हेटरन्सकडे राहिलं, म्हणजे प्रत्यक्षात विल्यम्स यांच्याकडे. पुढे मे १९९४ मध्ये जिनिव्हा, जून १९९५ मध्ये प्नॉम पेन्ह, फेब्रुवारी १९९७ मध्ये मापुटो अशा परिषदा झाल्या. यातली शेवटची दोन शहरं सुरुंगांनी पोखरलेल्या कंबोडिया आणि मोझांबिक या देशांच्या राजधान्या आहेत, आणि परिषद तिथे नेणं हाही एक निर्णयच होता. सहाही संस्थापक पश्चिमेकडचे होते. ज्यांचे पाय गेले त्यांच्या देशांतली माणसं सुकाणू समितीत नव्हती. ही त्रुटी मोहिमेने पुढे काही अंशी भरून काढली. अफगाणिस्तान, कंबोडिया, केनिया आणि दक्षिण आफ्रिका इथल्या मोहिमा, आणि स्वीडनची रेडा बार्नेन ही मुलांसाठी काम करणारी संस्था, समितीत घेतल्या गेल्या. माझ्या मते हे उशिरा झालं. कंबोडियातल्या अपंग माजी सैनिकांनी चाकाच्या खुर्चीत बसून सह्या गोळा केल्या, जगभरच्या बैठकांत जाऊन साक्ष दिली. मोहिमेचा चेहरा तेच होते आणि तरी सुरुवातीची वर्षं ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी त्यांची खुर्ची नव्हती.

मोकळीक म्हणजे नेमकं काय

सदस्यांना मोकळीक आहे असं लिहिणं सोपं असतं. ती प्रत्यक्षात किती होती हे पाहायचं तर एकाच काळातली वेगवेगळ्या देशांतली कामं शेजारी-शेजारी ठेवावी लागतात.

फ्रान्समध्ये हँडिकॅप इंटरनॅशनलने १९९५ पासून भर चौकात जोड्यांचे ढीग रचायला सुरुवात केली. लोकांनी घरून एकेक जोडा आणून टाकायचा, बघता बघता मनोरा उभा राहायचा, आणि येणारा-जाणारा थांबून विचारायचा की हे काय आहे. इटलीत ब्रेशियाजवळच्या कास्तेनेदोलो इथल्या वालसेला कारखान्यात सुरुंग बनत असत. तिथल्या कामगार स्त्रियाच बंदीच्या बाजूने उभ्या राहिल्या, आपली रोजी त्या कामावर आहे हे माहीत असताना. बेल्जियममध्ये कार्यकर्त्यांनी संसदेवर लक्ष ठेवलं, आणि मार्च १९९५ मध्ये संपूर्ण बंदीचा कायदा करणारा तो जगातला पहिला देश ठरला. अमेरिकेत व्हिएतनाम व्हेटरन्सने वेगळीच वाट धरली. ३ एप्रिल १९९६ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना उद्देशून पानभर खुलं पत्र छापलं गेलं. खाली पंधरा निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची नावं होती आणि त्यांत आखाती युद्धाचे सेनापती नॉर्मन श्वार्झकॉफ होते.

युद्धालाच विरोध असणाऱ्या संघटनांना, धर्मसेवेतल्या भगिनींना, युद्ध न मानणाऱ्या क्वेकर पंथीयांना सेनापतींच्या सह्यांची जाहिरात कशी वाटली असेल याची कल्पना करता येते. मतदान घेतलं असतं तर ती जाहिरात कदाचित नामंजूर झाली असती, किंवा मंजूर होईतो निम्मी धार गेलेली असती. तसं मतदान घ्यायची पद्धतच नव्हती. व्हेटरन्सनी आपल्या देशात, आपल्या पैशाने, आपल्या ओळखींवर ते केलं. मागणी तीच होती, म्हणून दुसऱ्या कुणाला हरकत घ्यायचं कारण नव्हतं. सेनापतींनी ‘काही सुरुंग चालतील’ असं म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

समन्वयकाकडे हुकूम द्यायचा अधिकार नव्हता, पण माहिती होती. सुरुवातीची वर्षं फॅक्स आणि फोनची, पुढे ई-मेलची. कुठल्या सरकारने काय म्हटलं, कुणी निर्यात थांबवली, कोणता मंत्री डळमळतोय, हे रोजच्या रोज सगळ्यांना कळत होतं. आपल्या सरकारला ‘शेजारच्या देशाने तर हे केलं’ असं सांगता येणं हे छोट्या देशातल्या चार माणसांच्या गटाला फार मोठं बळ असतं. माझ्या पाहण्यात जी जाळी कोरडी पडली त्यांत भांडण झाल्याचं क्वचित दिसतं. बहुतेक वेळा केंद्रातून बातमी येणं थांबलेलं असतं, आणि मग सदस्यांना वर्षातून एकदा बैठकीचं पत्र तेवढं मिळतं.

मोहिमेबाहेर कोण राहिलं हेही महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचे अध्यक्ष कॉर्नेलियो सोमारुगा यांनी फेब्रुवारी १९९४ मध्ये जाहीरपणे संपूर्ण बंदीची मागणी केली. पण रेड क्रॉस तटस्थतेच्या तत्त्वामुळे मोहिमेची सदस्य झाली नाही, आणि कुणी तिला आत ओढायचा हट्टही धरला नाही. दोघं समांतर चालले. सरकारंही सदस्य नव्हती. कॅनडा, नॉर्वे, ऑस्ट्रिया यांच्या अधिकाऱ्यांशी रोजचं बोलणं होतं, पण निवेदनाखाली सही संस्थांचीच. आपल्याकडे एखादा सहृदय सचिव किंवा आमदार भेटला की त्याला लगेच मंचावर बसवायची घाई होते. मग त्याच्या खात्याविरुद्ध बोलायची वेळ आली की सगळ्यांची जीभ अडखळते.

एकमताची किंमत

मोहीम आत जे करत होती त्याच्या नेमकं उलटं बाहेर, सरकारांच्या वाटाघाटीत चाललं होतं. १९८० च्या पारंपरिक शस्त्रांविषयीच्या करारात भूसुरुंगांवर एक दुबळं परिशिष्ट होतं. फ्रान्सच्या मागणीवरून त्याचा फेरविचार सुरू झाला. सप्टेंबर १९९५ मध्ये व्हिएन्नाला, मग १९९६ मध्ये जिनिव्हाला दोनदा. तिथे निर्णय एकमताने घ्यायची रीत होती. म्हणजे एका देशाने मान हलवली नाही की सगळं थांबणार. शेवटी ३ मे १९९६ ला जे सुधारित परिशिष्ट निघालं त्यात बंदी नव्हती. आपोआप निकामी होणारे सुरुंग चालतील, शोधयंत्राला सापडतील असे चालतील, अशी कारकुनी होती. सगळ्यांना बरोबर घेऊन जाताना सगळ्यांत मागे असलेल्याच्या चालीने चालावं लागलं.

म्हणूनच पुढच्या वाटेची रचना वेगळी झाली. जिनिव्हातल्या त्या निराश बैठकांच्या काळातच बंदीच्या बाजूच्या मोजक्या देशांना मोहिमेने एकत्र बसवलं. ऑक्टोबर १९९६ मध्ये ओटावाला ५० देश पूर्ण सहभागी म्हणून आणि २४ निरीक्षक म्हणून जमले. पूर्ण सहभागी व्हायचं तर आधी बंदीच्या ध्येयाला मान्यता द्यायची, अशी अट होती. शेवटच्या दिवशी कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड ॲक्सवर्दी यांनी जाहीर केलं की वर्षभरात, डिसेंबर १९९७ मध्ये, करारावर सह्या करायला सगळ्यांनी इथेच परत यावं. फार थोड्यांना याची आधी कल्पना होती आणि काही मित्रदेशांचे प्रतिनिधी चिडले. जून १९९७ मध्ये ब्रसेल्सला ९७ देशांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि वाटाघाटीचं दार त्या सहीतून उघडत होतं. मोहिमेची स्वतःची पद्धत सरकारांच्या दालनात जाऊन पोहोचली होती: ध्येय मान्य असेल त्यानेच आत यायचं, आणि मग एकाच्या नकारावर सगळ्यांनी अडून राहायचं नाही. कराराचा मसुदा ठरवायला सप्टेंबरमध्ये ऑस्लोला जी परिषद भरणार होती तिच्या नियमांत, अडल्यास दोन तृतीयांश मतांनी निर्णय घेता येणार होता.

ऑस्लोतले अठरा दिवस

१ ते १८ सप्टेंबर १९९७. आदल्या दिवशी पॅरिसमध्ये राजकुमारी डायनाचा मृत्यू झाला होता. जानेवारीतच ती अंगोलाच्या सुरुंगी शेतातून चालत गेलेली छायाचित्रं जगाने पाहिली होती. परिषदेचे अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेचे जेकब सेलेबी. मोहिमेला निरीक्षकाचा दर्जा होता, सभागृहात बसायची आणि बोलायची मुभा होती. शस्त्रविषयक करारात संस्थांना एवढी जागा मिळणं त्याकाळी दुर्मिळच.

अमेरिका शेवटच्या घटकेला वाटाघाटीत उतरली, आणि उतरताना अटी घेऊन आली. कोरियाच्या सीमेला अपवाद हवा. करार लागू होण्याला काही वर्षांची सवलत हवी. रणगाडाविरोधी सुरुंगांबरोबर पसरवायचे लहान सुरुंग व्याख्येतून वगळायला हवेत. युद्ध पेटलं तर करारातून बाहेर पडता यायला हवं. जगातलं सर्वांत बलाढ्य सैन्य करारात येतंय म्हटल्यावर अनेक सरकारांचे पाय लटपटले असणार. थोडी वाट द्या, पण अमेरिका आत घ्या, हा युक्तिवाद वाईट नव्हता. मी त्या जागी असतो तर मलाही त्याचा मोह पडला असता.

मोहिमेने तीन नकार लावून धरले: अपवाद नकोत, राखीव अटी नकोत, पळवाटा नकोत. निर्णयप्रक्रियेच्या दृष्टीने इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सभागृहात बसलेल्या कार्यकर्त्यांना हजार संस्थांना विचारायला वेळ नव्हता, आणि विचारायची गरजही नव्हती. निवेदन पाच वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं आणि प्रत्येक सदस्य त्याच अटीवर आत आला होता. तिथल्या कुणालाच, अगदी विल्यम्स यांनाही, कोरियाचा अपवाद देऊन टाकायचा अधिकार नव्हता. समोरच्यालाही हे कळत होतं, त्यामुळे खासगीत बाजूला नेऊन कुणाला पटवण्यात अर्थ उरला नव्हता. प्रतिनिधीच्या हातात कमी अधिकार असणं कधीकधी त्याची ताकद वाढवतं.

अमेरिकेने २४ तासांची मुदत मागून घेतली, आणि १७ सप्टेंबरला आपले प्रस्ताव मागे घेतले. १८ तारखेला करार मंजूर झाला. ३ आणि ४ डिसेंबरला ओटावाला १२२ देशांनी सह्या केल्या. १ मार्च १९९९ ला तो लागू झाला.

या यशात आतल्या सगळ्यांचं सगळं साधलं असं मात्र नाही. जर्मन कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की सुरुंगाला कुठलं नाव दिलंय यापेक्षा तो कुणाला मारतो हे पाहा. रणगाड्यासाठी पुरलेला सुरुंगही हात लागताच फुटणारा असेल तर माणसालाच मारणार. करारात जिनिव्हाच्या परिशिष्टातल्या व्याख्येतली एक मोठी फट बुजवली गेली, पण हात लावल्यास फुटण्याची यंत्रणा बसवलेले वाहनविरोधी सुरुंग बंदीबाहेर राहिले. मागणी अरुंद ठेवली म्हणून करार झाला, आणि मागणी अरुंद होती म्हणूनच हा प्रश्न दाराबाहेर राहिला. दोन्ही खरं आहे. जर्मन मंडळी रागावून बाहेर पडली नाहीत. रणगाडाविरोधी सुरुंगांवर त्यांनी आपल्या देशात, आपल्या नावाने बोलणं चालू ठेवलं, आणि अंगण मोकळं असण्याचा इथेही उपयोग झाला.

पैसा आणि कीर्ती

ऑस्लोनंतर तीनच आठवड्यांनी नोबेल आलं. १० डिसेंबरला मोहिमेच्या वतीने पुरस्कार स्वीकारायला कंबोडियाचे तुन चन्नारेथ पुढे गेले. सुरुंगाने त्यांचे दोन्ही पाय गेलेले. मोहिमेचं भाषण माइन्स ॲडव्हायझरी ग्रुपचे संस्थापक रे मॅकग्रा यांनी केलं. ही निवड योग्य होती असं मला वाटतं.

पण पुरस्काराने एक अशी गोष्ट आणली जी मोहिमेच्या रचनेत बसत नव्हती. पद्धती वाटून घेता येतात, देश वाटून घेता येतात. एक रक्कम आणि एक नाव वाटता येत नाही. एका व्यक्तीचं नाव मोहिमेच्या बरोबरीने घेतलं गेलं, आणि ती व्यक्ती कागदोपत्री एका सदस्य संस्थेची नेमणूक होती. पहिली कितीतरी वर्षं विल्यम्स यांचा पगार, फोनची बिलं, प्रवास हे व्हिएतनाम व्हेटरन्सच्या हिशेबात होतं. कामाच्या भरात याची कुणाला अडचण वाटली नाही. पुरस्कारानंतर मात्र त्या आणि म्युलर यांच्यातले मतभेद अमेरिकी वृत्तपत्रांत उघडपणे छापून आले. १९९८ च्या सुरुवातीला विल्यम्स व्हिएतनाम व्हेटरन्समधून बाहेर पडल्या आणि मोहिमेच्या दूत म्हणून काम करू लागल्या.

कोण चूक कोण बरोबर हे इथे ठरवायचं कारण नाही. दुबळा दुवा रचनेतला होता. समन्वयक सगळ्यांसाठी काम करते पण तिची नेमणूक आणि पगार एका सदस्याच्या हातात असतो, तेव्हा तिने कुणाला उत्तर द्यायचं? ती संस्था दुरावली तर समन्वय कुणाकडे जातो, संपर्कयादी कुणाची, मोहिमेच्या नावाने पत्र कुणी काढायचं? यातलं काहीही लिहून ठेवलेलं नव्हतं. भांडण नसताना असलं लिहायला कुणाला सुचत नाही, सुचवलं तर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, आणि भांडण झाल्यावर लिहायला दोन्ही बाजू एका खोलीत येत नाहीत.

मग घर नीट लावणं भाग पडलं. मोहिमेची कायदेशीर नोंदणी झाली. संस्थापकांच्या सुकाणू समितीच्या जागी जास्त व्यापक समन्वय समिती आली. करार, सुरुंग काढणं, वाचलेल्यांना मदत, बिगरसरकारी सशस्त्र गट अशा विषयांवर कामगट झाले. समन्वयक म्हणून लिझ बर्नस्टाइन आल्या.

याच सुमारास, जून १९९८ मध्ये, मोहिमेने लँडमाइन मॉनिटर सुरू केला. करार पाळला जातोय का हे सरकारांच्या तपासणी यंत्रणेऐवजी संस्थांनीच तपासायचं, ही त्यामागची कल्पना. ह्यूमन राइट्स वॉच, हँडिकॅप इंटरनॅशनलची बेल्जियम शाखा, केनियाची आघाडी, माइन्स ॲक्शन कॅनडा आणि नॉर्वेजियन पीपल्स एड अशा पाच संस्थांच्या गटाने तो चालवला. पहिला अहवाल मे १९९९ मध्ये मापुटोला आला, हजाराहून जास्त पानांचा. देशोदेशीच्या संशोधकांनी मजकूर पाठवायचा आणि संपादकांनी तो पुराव्यावर घासून घ्यायचा. आता मोकळं अंगण थोडं आवरावं लागणार होतं. मोर्चा कसा काढायचा हे प्रत्येकाने ठरवलं तरी चालतं, पण ‘या देशाने सुरुंग वापरले’ हे वाक्य छापायचं तर पुराव्याचा निकष सगळ्यांना एकच लागतो. शिवाय संशोधनासाठी छोटं अनुदान मिळणारे आणि न मिळणारे असे दोन प्रकारचे सदस्य झाले, आणि देणगीदारांत करारातली काही सरकारंही होती. या ताणांवर कायमचं उत्तर निघालं नाही. तरी हा अहवाल वर्षानुवर्षं निघत राहिला, आणि मोहिमेच्या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आदर त्याचाच वाटतो.

एका मुद्द्यावर मात्र अंगण पुरलं नाही. बंडखोर गटही सुरुंग पुरतात, पण करारावर सही सरकारच करू शकतं. अशा गटांशी बोलावं की नाही यावर मोहिमेत बराच खल झाला. काहींना ते अटळ वाटत होतं, काहींना त्यातून आपल्या देशात जिवावर बेतेल अशी भीती होती, आणि ती रास्त होती. २००० मध्ये मोहिमेतल्याच काही जणांनी ‘जिनिव्हा कॉल’ ही स्वतंत्र संस्था काढली आणि सशस्त्र गटांकडून बंदीची लेखी प्रतिज्ञा घ्यायचं काम हाती घेतलं. फुटून जाण्यापेक्षा हे वेगळं होतं. जे काम सगळ्यांच्या नावावर केल्याने काही सदस्य धोक्यात येतील, ते वेगळ्या नावाने करायचं, हा मार्ग आपल्याकडच्या जाळ्यांनी जास्त वापरायला हवा.

नागपूर आणि इकडचा कायदा

या मोहिमेची भारतातली शाखा नागपूरहून चालायची. डॉ. बाळकृष्ण कुर्वे आणि त्यांची शांतता, निःशस्त्रीकरण व पर्यावरण या विषयांवरची संस्था ते काम बघत. भारत करारात नाही. १९९६ च्या सुधारित परिशिष्टाला मात्र तो बांधील आहे. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर ऑपरेशन पराक्रममध्ये पश्चिम सीमेवर प्रचंड प्रमाणात सुरुंग पेरले गेले, शेतकऱ्यांच्या कसत्या जमिनींतसुद्धा. अशा देशात बंदीची मागणी करणं म्हणजे देशविरोधी ठरवलं जाण्याची तयारी ठेवणं. इथली शैली नॉर्वेसारखी असून चालणार नव्हतंच. बळींची माहिती गोळा करणं, सीमाभागात जागृती करणं, मॉनिटरसाठी लिहिणं, हे इथलं काम झालं, आणि ते कसं करायचं हे जिनिव्हातून कुणी सांगत नव्हतं.

आज अशी आंतरराष्ट्रीय मोहीम भारतात उभी करायची तर पैशाचा प्रश्न आणखी कडक झालाय. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या यजमान संस्थेने निधी घ्यायचा आणि गावपातळीवरच्या सदस्यांना वाटायचा, ही आपल्या जाळ्यांची जुनी रीत त्याने बंद केली. छोट्या संस्थांवर यात अन्याय झालाय असं माझं स्पष्ट मत आहे. पण जोवर कायदा तसा आहे तोवर १९९२ ची रचना, म्हणजे प्रत्येकाने आपला पैसा आपण उभा करायचा आणि सामायिक ठेवायची ती मागणी आणि माहिती, एवढीच वाट मोकळी उरते.

आजची स्थिती

२०११ मध्ये ही मोहीम आणि क्लस्टर बॉम्बविरोधी आघाडी यांचा कारभार एकत्र झाला. बरेच सदस्य दोन्हीकडे तेच होते, कर्मचारी दोनदा कशाला ठेवायचे, हा व्यवहार त्यामागे होता. दोन्ही मागण्या आणि दोन्ही नावं मात्र वेगळी ठेवली.

करारात आज १६० हून जास्त देश आहेत. पण २०२५ मध्ये लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी रशियाच्या भीतीने बाहेर पडायचं ठरवलं. सहा महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडायची तरतूद करारातच आहे. या देशांतल्या सदस्य संस्थांची कोंडी समजण्यासारखी आहे, कारण शेजारच्या युक्रेनमध्ये युद्ध चालू आहे आणि घरचे, शेजारचे त्यांना विचारणार की तुम्ही कुणाच्या बाजूचे. आपल्या लोकांशी कसं बोलायचं, आत्ता बोलायचं की थांबायचं, हे ठरवायची त्यांना पूर्ण मोकळीक आहे. ‘आपल्या सीमेपुरता अपवाद’ मागायची मोकळीक त्यांना नाही, जशी १९९७ मध्ये कोरियासाठी कुणालाच नव्हती.